एक अंथरूण जास्त

१

गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या होत्या, एक स्वयंपाकघर होतं, आणि बाल्कनी म्हणून जे काही होतं तिथे उभं राहून माणसाला फक्त पश्चात्ताप करता आला असता. एवढ्या जागेत कुमुदने एकदा चौदा माणसं निजवली होती आणि सकाळी चौदाजणांना पोहेही दिले होते.

दिल्लीकडे मराठी घर असलं की त्याची धर्मशाळा व्हायला वेळ लागत नाही. कुणाच्या मुलाची मुलाखत असते, कुणाला बद्रीकेदार करायचं असतं, कुणाची फाईल कुठल्याशा मंत्रालयात अडकलेली असते. सरकारी अतिथिगृह भरलेलं असतं. मग हातात चिठ्ठी घेऊन माणसं दारात उभी राहतात. कुमुद स्वतः दिल्लीत सरकारी नोकरीत होती. सकाळी सव्वाआठची बस धरायची आणि संध्याकाळी सातला घरी पोचायची. पाहुण्यांचं सगळं ती या दोन वेळांच्या अलीकडे-पलीकडे बसवायची.

तिने खाटांच्या पायांखाली विटा घातल्या होत्या, म्हणजे खाली ट्रंका जात. जेवणाचं टेबल भिंतीला बिजागरीवर होतं, जेवण झालं की वर उचलून कडी लावायची. उशांच्या अभ्र्यांत स्वेटर भरलेले असत. तिचा नवरा श्यामकांत ड्राफ्ट्समन होता, त्याने तर घराचा नकाशाच काढला होता. आलेखाच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचे तुकडे कापून त्याने खाट, कपाट, ट्रंका केल्या होत्या, आणि माणसंही. पुरुष साडेपाच बाय दोन, बाई पाच बाय पावणेदोन. पाहुणे यायचे असले की नवराबायको ते तुकडे सरकवत बसत. त्यांच्या संसारातला तो एकच खेळ होता.

फक्त एक गोष्ट नकाशात नसायची. कुमुदच्या आईची शिस्त होती, की घरात पाहुणे असले की मोजून अंथरुणं घालायची नाहीत. एक जास्त घालायचं. अवचित कुणी आलं तर त्याला असं वाटता कामा नये की आपल्यासाठी आता उठून जागा करावी लागली. "माणूस मावतो गं," आई म्हणायची, "सामान मावत नाही."

कुमुदने ही शिस्त वीस वर्षं पाळली. पण खुद्द आईला मात्र तिने आपल्याकडे ठेवून घेतलं नव्हतं. सांगलीचा भाऊ गेली सहा वर्षं दर वर्षी लिहायचा आणि कुमुद दर वर्षी उलट टपाली कळवायची, की दादा, जागा नाही रे. सगळ्या जगाला जागा होती. हे तिला कळत होतं आणि टोचत होतं. पण पाहुणे जातात, आई जाणार नाही, आणि कुमुद फार दमली होती.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत दादाचं पत्र आलं. "फेब्रुवारीच्या दोन तारखेला आईला गाडीत बसवून देतो. आता मी विचारत नाही, तूही नाही म्हणू नकोस."

२

त्याआधी संक्रांत होती, आणि संक्रांतीला पानिपतची माणसं येतात. म्हणजे आपल्याकडूनच येतात, तिथल्या लढाईच्या जागी, काला अंबला, फुलं वाहायला. त्या वर्षी भाऊसाहेब नावाचे एक निवृत्त शिक्षक सहाजणांना घेऊन आले. चिठ्ठी श्यामकांतच्या मामांची होती.

तेरा तारखेला सातजण सात अंथरुणांवर निजले. आठवं रिकामं राहिलं. ते बाहेरच्या खोलीत, आतल्या भिंतीला लागून होतं. एरवी तिथे दोन ट्रंका असायच्या.

चौदाला ते पहाटेच पानिपतला गेले आणि धुक्यातून रात्री आठाच्या सुमाराला कुडकुडत परतले. कुमुदने पिठलं-भात वाढायला घेतला. वाढता वाढता तिने पाहिलं, तर आठव्या अंथरुणावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन आधीच पडलं होतं. डोक्यावरून तपकिरी घोंगडं घेतलेलं. तळवे तेवढे बाहेर होते, धुळीने पांढरे झालेले.

पानिपतहून कुणी बरोबर आलं असेल, असं तिला वाटलं. असं होतंच. परतीच्या बसमध्ये कुणी मराठी भेटतो, रात्रीपुरता सोबत येतो.

"काका, जेवून घेता का?" तिने विचारलं.

घोंगडं जरासं भिंतीकडे सरकलं. जेवायचं नसेल, थकले असतील. कुमुदने पाय धुवायला सांगितलं नाही याचीच तिला रुखरुख लागली. चादर नुकतीच धुतली होती.

सकाळी सहाला ते निघाले. तिने तिळाच्या लाडवांच्या आठ पुड्या केल्या होत्या. सातजणांनी नमस्कार करून सात घेतल्या.

३

सातजणांनी आपापली अंथरुणं घडी करून कोपऱ्यात रचली होती. आठवं तसंच पसरलेलं होतं.

त्या दिवशी रविवार होता, कुमुद घरीच होती. भांडी झाली, धुणं झालं, आणि अकरा वाजता ती ते अंथरूण उचलायला वाकली. गादी ऊबदार होती. जानेवारीत गाझियाबादच्या फरशीवर पाच तास पडलेली गादी गार दगड व्हायला हवी. तिने हात फिरवून पाहिला. बरोबर एका माणसाएवढीच ऊब होती, कडेला नव्हती.

वरच्या मजल्यावरच्यांचा गीझरचा पाइप या भिंतीतून जात असेल, असं तिने ठरवलं. गादी गुंडाळून बाल्कनीत टाकली आणि ट्रंका ओढून पुन्हा भिंतीला लावल्या.

तिसऱ्या प्रहरी चहाला उठली तेव्हा ट्रंका भिंतीपासून दीड फूट पुढे होत्या. जमिनीवर ओरखडा नव्हता. कुणीतरी आवाज होऊ नये म्हणून उचलून ठेवाव्यात तशा त्या ठेवलेल्या होत्या, एकीला समांतर दुसरी.

"नीला, तू सरकवल्यास?"

नीला अकरा वर्षांची होती आणि दिल्लीचीच होती. "मी कशाला सरकवू, मम्मी? इतक्या भारी आहेत!"

"मग जमिनीला उतार असेल. तुझी गोटी आण बरं."

"गोटी मतलब?"

"अगं, कंचा."

"अच्छा!"

कुमुदने कंचा खोलीच्या मध्यावर ठेवला. उतार होता. कंचा घरंगळत भिंतीकडे गेला, आणि भिंतीच्या दीड-दोन फूट अलीकडे थांबला. आपसूक मंदावून थांबला नाही. कशाला तरी लागून थांबावा तसा, जरा मागे येऊन थांबला.

नीला हसली. कुमुदनेही हसून पाहिलं. मग तिने कंचा उचलला आणि नीलाला अभ्यासाला बसवलं.

४

पुढच्या रविवारी श्यामकांतने आईसाठी नकाशा मांडला. खाट सहा बाय अडीच. बाहेरच्या खोलीत भिंतीलगतची जागा होतीच. त्याने खाटेचा तुकडा तिथे ठेवला आणि मग चष्मा पुसला.

"कुमुद, हा कुणाचा तुकडा?"

कॅलेंडरच्याच कागदाचा तुकडा होता. लांबीला साडेपाच, रुंदीला दोनपेक्षा थोडा कमी. बाकीच्यांवर नावं होती, यावर नव्हतं. तो भिंतीलगत होता, खाटेचा तुकडा त्याच्यावर अर्धा चढला होता.

"तुम्हीच कापला असेल."

"असेल यार," श्यामकांत म्हणाला. तो मोजून जगणारा माणूस होता, त्यामुळे 'असेल' हा शब्द त्याच्या तोंडी शोभत नव्हता. त्याने टेप काढला. खोली रुंदीला दहा फूट. कपाट, टेबल, दिवाण, जायची वाट मिळून साडेसात. उरले अडीच. त्याने जमिनीवर मोजायला घेतलं आणि भिंतीपाशी जाऊन वाकला, टेपचं टोक पुढे केलं, ते भिंतीच्या अलीकडेच अडलं. पुन्हा मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग टेप गुंडाळून खिशात घातला.

"बसतंय ना?" कुमुदने विचारलं.

"दिवाण जरा इकडे घेऊ. खाट भिंतीपासून थोडी बाहेर ठेवू. हवा खेळती राहील."

"भिंतीपाशी का नको?"

"मी म्हटलं ना, हवा खेळती राहील," तो चिडून म्हणाला. श्यामकांत सहसा चिडत नसे.

 त्यानंतर कुमुदच्या लक्षात आलं, की नीला पाण्याचा माठ गाठायला भिंतीकडून जात नाही, दिवाणाला वळसा घालून जाते. श्यामकांत पेपर वाचताना पाय त्या बाजूला लांब करत नाही. ती स्वतः केर काढतानाही झाडू भिंतीच्या दोन फूट अलीकडे वळवत होती, आणि शेवटी म्हणत होती, "जरा पाय." मग तिला भान यायचं आणि ती झाडू घेऊन स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

थकल्यावर माणसाला असं होतं, असं ती स्वतःला सांगायची. हाफिसात ती हल्ली एकाच फाईलवर दोनदा नंबर टाकत होती.

५

तीस तारखेला भाऊसाहेबांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर शिक्षकाला शोभेल असं वळणदार. सुखरूप पोचल्याचं कळवलं होतं, पिठल्याची तारीफ केली होती, आणि खाली लिहिलं होतं:

"तुमच्या सासऱ्यांची प्रकृती आता कशी आहे? पानिपतहून परतलो त्या रात्री ते माझ्याशेजारी निजले होते. त्यांचे पाय अतिशय गार पडले होते. मी माझी शाल त्यांच्या पायांवर टाकली. सकाळी ती काढून घेणं बरं वाटलं नाही, म्हणून तशीच ठेवली. घरात वडीलधारं माणूस आजारी असताना तुम्ही आम्हा सातजणांना जागा दिलीत, हे विसरणार नाही."

कुमुदचे सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. शाल तिला कुठे सापडलेली नव्हती.

ती जिन्यातच उभी राहून कार्ड दोनदा वाचत राहिली. भाऊसाहेब त्याला आमचा समजले, मी त्याला त्यांचा समजले. त्या घरात त्याला कुणी आणलं नव्हतं आणि कुणी जाताना पाहिलं नव्हतं.

वर जाऊन श्यामकांतच्या हातात कार्ड ठेवायचं, एवढंच करायचं होतं. पण मग तो म्हणाला असता, तार कर, आईला आत्ता पाठवू नका म्हणावं. आणि दादा सांगलीत म्हणाला असता, पाहिलंत, माझी बहीण. सहा वर्षं आई 'जागा नाही' हे एकच कारण ऐकत आली होती. आता पुन्हा काय लिहायचं, की जागा आहे पण तिथे कुणीतरी आहे?

भाऊसाहेब म्हातारे आहेत, शेजारचे शर्माजी येऊन टेकले असतील, असं तिने मनाशी पक्कं केलं. जे मनाशी पक्कं करावं लागतं ते खरं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. तरी तिने कार्ड तांदळाच्या डब्याखाली सारलं.

६

सुमित्राबाई आल्या तेव्हा कुमुदला रडू आलं. आई केवढीशी झाली होती. एक वळकटी, एक पिशवी आणि पितळी डबा, एवढंच सामान घेऊन ती आली होती.

"माझी काही अडचण नाही हं तुम्हाला," दारातच ती म्हणाली. "मला कितीशी लागते जागा?"

श्यामकांतने नवारीची खाट भिंतीपासून दोन फूट बाहेर मांडली होती, ऐन वाटेत. येताजाता प्रत्येकाची कोपरं आपटत होती. दुसऱ्या दिवशी नीलाच्या हातून खाटेला अडखळून दूध सांडलं आणि कुमुदचं डोकं फिरलं. वीस वर्षं लोकांना बूड टेकवायची सोय केली आणि आपल्या आईची खाट अशी रस्त्यात! तिने खाटेची कड धरली, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून खाट भिंतीकडे ढकलली.

खाट सरळ गेली. भिंतीला लागून टक्क आवाज झाला. कुठे काही अडलं नाही.

कुमुद तिथेच हसायला लागली. सगळा मनाचा खेळ. विटा लावल्या, खाली ट्रंका सरकवल्या, सगळं बेतासारखं बसलं. श्यामकांत हाफिसातून आला, त्याने पाहिलं, आणि त्याच्याही खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"परफेक्ट," तो म्हणाला. "बिल्कुल परफेक्ट बसलं."

त्या रात्री सगळी शांत झोपली. नीला माठाकडे जाताना आता वळसा घालत नव्हती.

७

सकाळी चहा घेऊन कुमुद खाटेपाशी गेली. आई अगदी कडेला निजली होती. भिंतीकडची अर्धी खाट मोकळी.

"आई, पडशील ना. नीट मध्ये नीज."

"मला कितीशी लागते जागा?" आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती आणखी कडेला होती. अंगावरचं पांघरूण तिने अर्धंच घेतलं होतं, उरलेलं भिंतीकडे नीट पसरून ठेवलं होतं. पांघरुणाखाली काही नव्हतं. नवार मात्र तिथे खाली गेलेली होती, आईच्या बाजूला गेली होती त्यापेक्षा जास्त.

नवार जुनी आहे, सैल पडते. कुमुदने दुपारी सगळी उसवून पुन्हा ताणून विणली, बोटं सोलून निघाली. संध्याकाळी ती पुन्हा तिथेच खाली गेली होती.

"आई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू तिकडे का सरकत नाहीस?"

आईने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "अगं, त्यांना नको का जागा? पाय बघ कसे गार पडलेत. किती चालत आलेत कोण जाणे."

"कोण, आई?"

"मला काय ठाऊक? अंथरूण तूच घातलंस ना?"

 नीला आत पाढे म्हणत होती. एक दिवस पाहुणा, दुसरे दिवशी पै, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आपल्यात आहे. पण ती पाहुण्याच्या पाठीमागे म्हणायची असते. तोंडावर कुणी कधी म्हटल्याचं तिला आठवेना.

"त्यांना सांग ना जायला," ती कशीबशी म्हणाली.

"घरी आलेल्याला जा म्हणायचं?" आईचा आवाज पहिल्यासारखा कडक झाला. "हे शिकवलं होतं का मी तुला?"

कुमुदने दादाला पत्र लिहायला घेतलं. "आईला काही दिवस परत..." इथवर लिहून तिने कागद फाडला. मग आईला आपल्या दिवाणावर नेऊन निजवलं आणि स्वतः खाली झोपली. पहाटे उठून पाहिलं तर आई आपली खाटेवर जाऊन पडली होती. "त्यांना एकट्याला बरं वाटत नाही गं," म्हणाली.

श्यामकांतला ती सगळं सांगायला गेली. त्याने ऐकूनच घेतलं नाही. "म्हातारं माणूस आहे कुमुद, बोलतं काहीतरी," तो म्हणाला, आणि नकाशाची फळी उचलून कपाटाच्या माथ्यावर पालथी ठेवून आला.

८

शुक्रवारी बस दोन तास रखडली. कुमुद उभ्याने आली. पाठ, पाय, डोळे, सगळं एकच दुखणं झालं होतं. श्यामकांत यायचा होता. नीला शेजारी टीव्ही बघायला गेली होती, भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येत होतं.

बाहेरच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. जिन्यातल्या बल्बचा उजेड दारातून खाटेवर पडला होता.

आई खाटेच्या लाकडी पाटीवर निजली होती. खाटेच्या कडेला नव्हे. ज्या पाटीभोवती नवार गुंडाळतात, त्या चार बोटं रुंदीच्या पाटीवर. कुशीवर, हात गालाखाली, पाय जुळवून. ती लहान झाली नव्हती, आक्रसली नव्हती, जेवढी होती तेवढीच होती. आणि मावली होती. एक केसही पाटीबाहेर नव्हता. श्वास संथ चालू होता. चेहऱ्यावर पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर असायचं ते समाधान होतं.

उरलेली सगळी खाट खाली वाकली होती, ट्रंकेला टेकेपर्यंत. खोलगट भागावर एक शाल होती. कुमुदने ती शाल कधी पाहिली नव्हती.

तिला किंचाळता आलं असतं. पण किंचाळायलाही अंगात काही लागतं. तिला फक्त राग आला, वीस वर्षांचा, चिठ्ठ्यांचा, पोह्यांच्या परातींचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने उंबऱ्यातूनच सांगितलं,

"उठा. आता उठा तुम्ही. इथे जागा नाही."

हे वाक्य ती जन्मात एकाच माणसाबद्दल म्हणाली होती, सहा वर्षं, पत्रातून. ते माणूस आता चार बोटांच्या पाटीवर निजलं होतं.

 मग नवार करकरली. खोलगट भाग हळूहळू, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने, भिंतीकडे सरकू लागला. शालही त्याच्याबरोबर सरकली. भिंतीपाशी जाऊन तो थांबला. मग आणखी थोडा सरकला, खाट संपून जिथे फक्त भिंत होती तिथेही. मधली नवार वर आली आणि ताठ झाली.

आई आणि शाल यांच्यामध्ये जागा झाली होती. पाच बाय पावणेदोन. तेवढ्या अंधारातही कुमुदच्या सरावलेल्या नजरेने ती बरोबर मोजली.

ती सकाळी पाचपासून उभी होती. पाचपासून कशाला, ती वीस वर्षं उभीच होती, आणि एवढ्या काळात त्या घरात तिच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं.

आईने डोळे न उघडता पाटीवरूनच हात लांब केला आणि मधल्या नवारीवर दोनदा थोपटलं.

"ये गं, पड जरा," ती म्हणाली. "झाली बघ जागा."

भिंतीपलीकडे नीला पुन्हा हसली. कुमुदने खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली. चपला काढल्या आणि सवयीने खाटेखाली, ट्रंकेच्या कडेला सारून ठेवल्या, कुणाच्या वाटेत यायला नकोत म्हणून.